चहानंतर

माणसाला झोप लागत नाही याचं खरं कारण, त्याला सकाळी जाग येते हे आहे, असा शोध लागायला विज्ञानाला फार वर्षं लागली. एकदा लागल्यावर मात्र त्याचं यंत्र करून ते काजूकतलीच्या डब्याशेजारी मांडायला बाजाराला दोन दिवाळ्याही लागल्या नाहीत.

यंत्राचं नाव भूपाळी. चिंचोक्याएवढी चकती, कानामागे चिकटवायची. तिच्यामागचं शास्त्र शैलजा टिपणीस अकरावीच्या पोरांना एका तासात समजावून देत असे आणि पोरांना ते समजतही असे. यावरून ते फारच सोपं असलं पाहिजे.

"संगणक चालू केला," ती सांगायची, "की न बोलावता दहा-बारा प्रोग्रॅम उठून बसतात. तुम्हाला दोन ओळींचा अर्ज लिहायचा असतो आणि इकडे सगळं वऱ्हाड जेवायला बसलेलं. म्हणून शहाणा माणूस एक लहानशी स्क्रिप्ट लिहून ठेवतो : हा सुरू कर, हा करू नको, तो थोड्या वेळानं कर. यात काहीच पुसलं जात नाही. सगळं जागच्या जागी असतं, फक्त निजून असतं."

मेंदूचंही तसंच. जाग आली तरी पहिली काही मिनिटं तो पुरता उठलेला नसतो, एकेक खातं उघडत जातो. मी कोण, हे घर कोणाचं, आज वार कुठला. मग रांगेनं गुडघा, हप्ता आणि मेहुणा. त्या मिनिटांत जे सुरू झालं ते दिवसभर आतल्या आत चालत राहतं, आणि जे झालं नाही ते निजून राहतं. भूपाळी आधी दोन आठवडे तुमचा कुठला विचार मेंदूत कसा उमटतो त्याचे ठसे टिपून घेते. मग तुमच्या स्क्रिप्टप्रमाणे, नको तो ठसा उमटायला लागला की क्षीण विजेची एक टिचकी मारून त्याला पुन्हा झोपवते.

स्क्रिप्ट साध्या मराठीत लिहायची. हुकूम दोनच. 'बंद' म्हटलेली गोष्ट आपणहून सुरू होत नाही, पण कोणी नाव घेतलं की ताडकन उठते. 'नंतर' म्हटलेली गोष्ट मात्र दिलेल्या वेळेपर्यंत, कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही. शेजारच्या सबनीसांनी सासूबाईंना 'अंघोळीनंतर' टाकलं होतं. एका रविवारी सासूबाई सकाळीच दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी अदबीनं "कोण पाहिजे आपल्याला?" असं विचारून दार लावून घेतलं. अंघोळीनंतर त्यांना सासूबाई आठवल्या, दारात आलेल्या बाई त्याच हे मात्र कळलं नाही. तोवर सासूबाई परतीच्या एसटीत बसल्या होत्या आणि सबनीस सुखी होते.

गावाचं नाव सांगायची गरज नाही. ज्या गावात नगरपालिका आहे आणि नगरपालिकेला टाकी बांधायची आहे, ते कुठलंही गाव धरा. वर्षभरात निम्म्या गावाच्या कानामागे चकत्या आल्या. लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असं छापतात, तिथे आता 'कृपया जुने विषय आणू नयेत' असंही छापू लागले. नगराध्यक्षांनी निवडणुकीतली आश्वासनं 'बंद'मध्ये टाकायला घेतली, तर यंत्रानं नम्रपणे कळवलं की असा कुठलाच ठसा सापडत नाही.

शैलजाच्या घरात भूपाळी आली ती इंगवल्यांकडून. राजाभाऊ इंगवले हे नव्या टाकीचे कंत्राटदार. पूर्वीचे कंत्राटदार अभियंत्यांना पाकिटं देत आणि त्यांची झोप घालवत. इंगवले काळाबरोबर चालणारे. त्यांनी दिवाळीला पाणीपुरवठा खात्यातल्या सगळ्यांना झोपच भेट दिली.

पाणीपुरवठा खात्यातला उपअभियंता विद्याधर टिपणीस हा शैलजाचा नवरा. माणूस पापभीरू. पापभीरू माणसाचं असं असतं, की तो पापाला भितो आणि पाप करणाऱ्यालाही भितो, आणि दोघं एकदम समोर आले तर दुसऱ्याला जरा जास्त भितो. टाकीचे कॉलम भरले त्या दिवशी सिमेंट कमी पडलं आणि माल ताकासारखा पातळ झाला. काँक्रीटची ताकद तपासायला त्याच मालातून ठोकळे काढायचे असतात. साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. इंगवल्यांच्या मुकादमानं क्यूब काढले ते वेगळ्या घमेल्यात, सिमेंट ओतून घट्ट कालवलेल्या मालातून. विद्याधर तिथेच छत्री धरून उभा होता. त्यानं पाहिलं, आणि मग छत्रीची दांडी पाहिली.

तेव्हापासून रोज जाग आली की तो पलंगाच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत म्हणायचा, "ते क्यूब त्या मालाचे नव्हते."

"मग सांग ना वर," शैलजा म्हणायची.

"सांगतो," तो म्हणायचा, आणि दाढी करायला जायचा.

असं सव्वा वर्ष चाललं. म्हणून भूपाळी घरात आली तेव्हा शैलजानं तोंडदेखला विरोध केला आणि मनातून सुटकेचा निःश्वास टाकला. विद्याधरनं ती यथासांग बसवली. आधी चकतीला हळद-कुंकू वाहिलं. मिक्सर असो, फटफटी असो, नाहीतर पंपहाऊसची मोटर, हळद-कुंकवाशिवाय त्यानं आयुष्यात काही चालू केलेलं नव्हतं. मग दोन आठवड्यांनी, ठसे टिपून झाल्यावर, पाटावर बसून त्यानं फोनवर स्क्रिप्ट लिहिली. वाणसामानाच्या यादीवर लिहायचा तसं डोक्यावर ॥ श्री ॥ घातलं, खाली रेघ मारली आणि सुरुवात केली.

"बंद : टाकीचे क्यूब," त्यानं वाचून दाखवलं. "बंद : रक्तातली साखर. बंद : खात्यातली बढती. आणि हे एक जरा... तू रागावू नकोस."

"काय?"

"शैलजा : चहानंतर."

"मला?"

"अगं, मी 'शैलजाच्या सूचना' एवढंच नोंदवलं होतं. यंत्र म्हणतं, हा ठसा आणि शैलजाचा ठसा एकच आहे. सुटा होत नाही. मी काय करू?"

ती हसली. हसण्यासारखं होतंच, आणि चहा तर तीच करणार होती.

दुसऱ्या दिवशी विद्याधर शीळ घालत उठला. क्यूबचं नाव नाही. पलंगावरून उतरताना म्हणाला, "शैला, माझा टॉवेल कुठंय गं?"

शैलजानं चमकून पाहिलं. चहा अजून व्हायचा होता. चहाआधी तिला त्यानं ओळखायलाच नको होतं. पण भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेल्या या बाईनं यातून काय अनुमान काढावं? तर आपलं नातं कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचं आहे! ती दिवसभर गुणगुणत होती. मैत्रिणीला फोन करून सांगूनही टाकलं. नियम मोडला की उपकरण तपासावं, हे ती पोरांना वीस वर्षं शिकवत आलेली. पण नियम आपल्या कौतुकाच्या बाजूनं मोडला, की उपकरण कोण तपासतो!

पुढचे महिने छान गेले. विद्याधर रविवारी मिसळ खायला नेऊ लागला. एकदा न सांगता गजरा आणला. टाकी उंच होत गेली, तिला निळा रंग लागला, त्यावर नगराध्यक्षांचं नाव टाकीपेक्षा पक्क्या मालात उमटलं. शैलजा 'क्यूब' हा शब्द जिभेवर येऊ देत नसे. नाव घेतलं की ते ताडकन उठणार हे तिला ठाऊक होतं. गजऱ्याच्या वासात असं नाव कोण घेईल?

अडलं ते कोथिंबिरीपाशी.

टाकीखालची मोकळी जागा भाजीवाल्यांना द्यायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी रशिदाभाभी जुडी बांधता बांधता म्हणाली, "मॅडम, सोमवारपासून आपली सावली पक्की. उन्हाचं मरण सुटलं बघा. टिपणीससाहेबांना माझा सलाम सांगा हां. लई मोठं काम केलं त्यांनी."

"सोमवारी?"

"सकाळी टाकी भरायला घेणार म्हणं. भरंपर्यंत आम्ही खाली मांडून बसतो. नगराध्यक्ष पहिली मेथी माझ्याकडनं घेणार हायत!"

शैलजा कोथिंबीर तिथेच विसरून घरी आली. विद्याधर पाय वर घेऊन बातम्या बघत होता.

"विद्या, ते क्यूब त्या मालाचे नव्हते."

तिनं अंग चोरलं. आता हा पांढराफटक पडेल, डोकं धरून बसेल, असं तिला वाटलं.

"कुठले क्यूब?" त्यानं मानही वळवली नाही. मग कानामागे बोट लावून समजूत काढल्यासारखं म्हणाला, "अगं, ते 'बंद' आहे ना."

"नाव घेतल्यावर उठतं ते."

"नाही उठलं बुवा. यंत्र जरा जास्त चांगलं असेल."

आता मात्र तिच्यातली मास्तरीण जागी झाली. बंद केलेली गोष्ट नाव घेऊनही उठत नाही, आणि 'नंतर' टाकलेली बायको चहाआधी ओळखू येते. दोन्ही नियम उलटे. हे काही प्रेम नव्हतं.

रविवारी सकाळी राजाभाऊ इंगवले पेढे आणि कागद घेऊन आले. कॉलम तपासले, टाकी पूर्ण भरायला हरकत नाही, एवढंच त्यावर होतं. खाली विद्याधरची सही हवी होती.

"वहिनी, चहा नको," इंगवले सोफ्यात रुतत म्हणाले. "साहेबांची सही झाली की सुटलो. झोप काय म्हणतीय साहेब?"

"उत्तम. तुमची कृपा."

"आमची कसली? विज्ञानाची."

शैलजा आत गेली. विद्याधरचा फोन चार्जिंगला होता. भूपाळीच्या निरोपांचा आवाज त्यानं पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकला होता, कारण कंपनी रोज सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पाठवायची. त्या सूर्योदयांच्या ढिगाऱ्याखाली एक तांबडी ओळ होती. रोजची, पहिल्या दिवसापासूनची, आणि रोज तीच :

'पहिली ओळ समजली नाही. अर्धवट समजलेल्या हुकमावरून मेंदूला हात लावला जात नाही. स्क्रिप्ट सोडून दिली आहे. सर्व गोष्टी नेहमीप्रमाणे सुरू आहेत.'

पहिली ओळ म्हणजे ॥ श्री ॥.

ती पलंगाच्या कडेवर बसली, विद्याधर बसायचा तिथेच. यंत्रानं एक दिवस, एक क्षणही काम केलेलं नव्हतं. रोज सकाळी क्यूब त्याच्या डोक्यात उठत होते. रोज तो त्यांना बघत होता आणि शीळ घालत टॉवेल मागत होता. आणि जिच्यामुळे आपलं नातं यंत्राच्या आवाक्याबाहेरचं आहे असं तिला वाटलं, ती निव्वळ यंत्राला न समजलेली एक ओळ होती.

ती फोन घेऊन बाहेर आली आणि तांबडी ओळ मोठ्यानं वाचली.

 इंगवले हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे साहेब, हे सगळं तुमचं तुम्हीच? स्वतःच्या बळावर? आणि आम्ही उगाच यंत्राच्या नादी लागलो!" त्यांनी खरोखरच्या आदरानं हात जोडले. "माणूस मोठा आहे वहिनी. जपा."

विद्याधर लाल झाला, मग पांढरा, मग त्याचा नेहमीचा रंग परत आला. त्यानं कागद पुढे ओढला.

"विद्या, खाली बायका बसणार आहेत. रशिदाभाभी बसणार आहे."

"इतके महिने उभी आहे टाकी."

"रिकामी उभी आहे!"

"शैला, पाहुण्यांसमोर नको." त्यानं सही केली. सहीच्या वरसुद्धा बारीक श्री काढला.

इंगवले पेढे ठेवून गेले. दुपारभर तो सोफ्यात बसून होता. संध्याकाळी फोन हातात घेऊन म्हणाला, "तू हे सांगायला नको होतंस. इतके दिवस यंत्रानं बंद केलंय म्हणून मला बंद ठेवता येत होतं. आता कसं ठेवू?"

"नको ठेवूस. कोअर टेस्ट सांग. कॉलमला भोक पाडून आतला तुकडा काढा, तोवर पाणी भरू नका, असं एका फोनवर होतं ते. तुझ्या हातात आहे."

"राजाभाऊ काय म्हणतील?"

आणि मग तिच्या देखत, ज्या माणसानं रजेच्या अर्जावर, गिरणीच्या पिशवीवर, आईच्या एक्स-रेच्या पाकिटावर कधी श्री चुकवला नव्हता, त्यानं स्क्रिप्टच्या डोक्यावरचा श्री पुसला. अपराधी वाटलं असावं. कारण लगेच एका चिठोऱ्यावर ॥ श्री ॥ लिहून त्यानं ते फोनच्या पाठीमागे चिकटवलं. देवाची सोय झाली. क्षणभरात हिरवी ओळ उमटली : 'स्क्रिप्ट समजली. उद्या सकाळपासून लागू.'

सोमवारी शैलजा त्याच्या आधी उठली. रडून झालं होतं. कॉलेजची साडी नेसून, चष्मा लावून ती पलंगासमोरच्या खुर्चीत बसली होती. कुणाला फोन करावा? मुख्याधिकाऱ्यांच्या कानामागे चकती, नगराध्यक्षांच्या कानामागे चकती. गावभर नाव घेत फिरलं तर उठेल एखादा, पण नळ तोवर सोडलेला असणार. मोटर आठला चालू व्हायची होती.

विद्याधरनं डोळे उघडले. किती निर्मळ चेहरा! ताजा रंग दिलेल्या भिंतीसारखा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, दचकला, आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आपण? माफ करा, मी... दार उघडं होतं का?"

 त्याचे डोळे तिच्यावरून फिरत होते, आणि लग्नाची सत्तावीस वर्षं त्यात कुठेही नव्हती. आता उठावं, आधण ठेवावं, आलं किसावं आणि हे संपवावं, असं तिला फार वाटलं. ती अर्धी उठलीही. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या बसण्याकडे गेलं. तो पलंगावर ताठ बसला होता. हात मांडीवर, मान किंचित पुढे. अनोळखी बाई, चष्मा, इस्त्रीची साडी, सकाळी सकाळी. हे बसणं तिनं पूर्वी पाहिलं होतं. मंत्रालयातून पथक आलं की तो असाच बसायचा.

बायकोचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या मनाचं तर रोज ऐकून सोडून दिलं होतं. पण वरून आलेल्या माणसाचं?

शैलजा खाली बसली आणि तोंडी परीक्षेत लावते तो आवाज लावला.

"टिपणीस."

"जी."

"मी तपासणीला आलेय. टाकीचे क्यूब कुठल्या मालाचे होते?"

आता यंत्र चोख चाललेलं होतं. आणि चोख यंत्रात, बंद केलेली गोष्ट नाव घेताच ताडकन उठते. रोज घोकून घोकून पाठ झालेल्या, अर्थ उडालेल्या श्लोकासारखी नव्हे, तर पहिल्या दिवसासारखी. ताकासारखा माल, वेगळं घमेलं, छत्री. विद्याधरचा जबडा लोंबला. कपाळावर घाम आला.

"मॅडम... आपल्याला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं ते सांगा."

"त्या मालाचे नव्हते, मॅडम." तो पायजम्यातच उठून उभा राहिला. "वेगळ्या घमेल्यातले होते. मी तिथेच होतो. मी लेखी कळवणारच होतो, मॅडम, फक्त दाढी..."

"मोटर किती वाजता चालू होणार आहे?"

"आठ."

"मग उभे काय राहिलात?"

त्यानं फोन लावला. सत्तावीस वर्षांत शैलजानं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "व्हॉल्व्ह बंद ठेवा! कारण विचारू नका. टाकीत थेंब जाता कामा नये. खालची माणसं उठवा, सगळी. हो, भाजीवाल्यासुद्धा. वरून मॅडम आल्यात!" मग खात्याला लेखी निरोप गेला. सही मागे, कोअर टेस्ट होईपर्यंत टाकी भरू नये, क्यूब त्या मालाचे नव्हते हे मी स्वतः पाहिलं आहे. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं आणि मगच पाठवू दिलं. इंगवल्यांचा फोन लागोपाठ वाजत राहिला. विद्याधर तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं मान हलवली. त्यानं फोन उचलला नाही.

"अजून काही, मॅडम?"

"बसा."

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं, आलं किसलं. खिडकीतून निळी टाकी दिसत होती, रिकामी आणि सुबक. खाली बायका टोपल्या उचलून उन्हात चालल्या होत्या. रशिदाभाभी बहुतेक टिपणीससाहेबांना शिव्या घालत होती. घालू दे.

तिनं कप त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, दुसरा घेतला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ओळख पसरत गेली आणि तिच्या पाठोपाठ भीती.

"शैला, तू कुठं होतीस गं? आत्ता इथे तपासणीच्या बाई येऊन गेल्या. काय कडक बाई! मी सगळं सांगून बसलो."

"चांगलं केलंस."

त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "परत नाही ना यायच्या?"

शैलजानं त्याच्या रिकाम्या कपाखाली बशी सरकवली.

"येतील," ती म्हणाली. "रोज. चहाच्या आधी."